सात किलोंचा संसार

पैठणी, तिच्या ब्लाऊजसकट, ९४० ग्रॅम. दुसरी रेशमी साडी, ब्लाऊज धरून, ६००. दोन्हींखाली चालेल असा एकच परकर, २२०. दोन कुर्ते मिळून ४२०. लेगिंग १८०. रात्रीचे कपडे ३२०. आतले कपडे आणि रुमाल ३००. टॉवेल ५२०. लग्नात घालायच्या चपला ४४०. साबण-शाम्पू-क्रीमची पिशवी ६२०. चार्जर आणि पॉवर बँक ५२०.

बेंगळुरूला भाचीचं लग्न होतं, तीन दिवसांचा मुक्काम होता आणि तिकीट काढलं होतं फक्त हातातल्या बॅगेचं. म्हणून स्वयंपाकघरातला पीठ मोजायचा काटा बाहेरच्या खोलीत आणला आणि एकेक वस्तू त्याच्यावर ठेवली. बेरीज झाली ५,०८० ग्रॅम. रिकामी ट्रॉली बॅग २,६०० ग्रॅम. आपल्याकडे देशातल्या देशात इकॉनॉमीनं उडणाऱ्याला हातातल्या बॅगेसाठी साधारण सात किलो मिळतात. बॅगेचं वजन वजा केलं की सामानाच्या वाट्याला उरतात ४,४०० ग्रॅम. माझं ६८० ग्रॅम जास्त होत होतं, आणि बॅगेत तर हात सहज फिरेल एवढी जागा शिल्लक होती!

हात फिरतोय तोवर आपण भरत राहतो आणि विमानतळावरचा काटा भलतंच काही सांगतो. जागा डोळ्यांना दिसते, वजन दिसत नाही. गेली काही वर्षं मी प्रत्येक प्रवासाआधी हा काट्याचा कार्यक्रम करते. त्या नादात या छोट्या बॅगेबद्दल इतक्या मजेदार गोष्टी हाती लागल्या की त्या सांगितल्याशिवाय राहवत नाही.

बेरीज तीच, बॅग वेगळी

आपल्याकडच्या विमान कंपन्यांच्या नियमांत केबिन बॅगेची दोन मापं हमखास भेटतात. एक ५५ × ३५ × २५ सेंटिमीटर, दुसरं ५५ × ४० × २०. दोन्हींची बेरीज करा, उत्तर ११५ येतं. आता गुणाकार करा. पहिल्या बॅगेत ४८ लिटर मावतात, दुसरीत ४४. चार लिटरांचा फरक, म्हणजे अर्ध्या लिटरच्या दुधाच्या आठ पिशव्या. पसरट बॅगेपेक्षा पोटाला जाड बॅग जास्त गिळते. माप घेताना चाकं आणि मूठसुद्धा धरायची, हे मात्र दुकानात कुणी आपणहून सांगत नाही.

याच ४८ लिटरांत सामानाचे ४,४०० ग्रॅम पसरून पाहा. लिटरमागे जेमतेम ९२ ग्रॅम येतात. हा आकडा कुरमुऱ्यांच्या आसपास जाणारा आहे! म्हणजे नियमाचं माप आणि नियमाचं वजन यांचं एकमेकांशी काही जुळतच नाही. बॅग गच्च भरली की ती सात किलोंच्या पुढे गेलीच म्हणून समजा.

आणि म्हणूनच हवा काढून घेणाऱ्या त्या चपट्या पिशव्यांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. एक लिटर हवेचं वजन सुमारे १.२ ग्रॅम. पिशवी दाबून दहा लिटर हवा बाहेर काढली, तर ती हवा भरते जेमतेम १२ ग्रॅम. पण दहा लिटरांची रिकामी जागा समोर दिसल्यावर तिथे आणखी एक जीन्स जाते आणि तिचं वजन सहाशे-सातशे ग्रॅम असतं. हिवाळ्यात हिमाचलला जाताना फुगीर जाकिटं आवरायला या पिशव्या छान. सात किलोंच्या हिशेबात त्या घात करतात.

चंद्र आधी, चाकं नंतर

माझ्या यादीतली सगळ्यांत जड वस्तू कुठली? पैठणी नव्हे. बॅग स्वतः! सात किलोंतले २,६०० ग्रॅम, म्हणजे तिसऱ्या हिश्शाहून जास्त वजन, चाकं, ओढायचा दांडा आणि सांगाडा खाऊन टाकतात. कापडी सॅक आठशे-नऊशे ग्रॅममध्ये मिळते. तरुण मुलांनी तीच घ्यावी. मला पाठीसाठी चाकं लागतात, म्हणून हा भुर्दंड मी समजून-उमजून भरते.

या चाकांचा इतिहास ऐकण्यासारखा आहे. माणूस चंद्रावर उतरला १९६९मध्ये. सुटकेसला चाकं लावून विकायचं सुचलं १९७०मध्ये! अमेरिकेत सामान बनवणाऱ्या कंपनीत काम करणारे बर्नार्ड सॅडो कुटुंबासह अरूबा बेटावरून परत येत होते. हातात दोन जड सुटकेस. कस्टम्सपाशी त्यांना एक कामगार चाकांच्या फळीवर भलंमोठं यंत्र ठेवून ते सहज ढकलत नेताना दिसला. त्यांनी घरी येऊन सुटकेसला चार चाकं बसवली, पुढे एक पट्टा बांधला आणि ती ओढून पाहिली. दुकानदारांनी आधी तोंडं फिरवली. पुरुषमाणूस बॅग उचलणार, ओढणार कशाला, असा तेव्हाचा समज. शेवटी न्यू यॉर्कच्या मेसीज या दुकानानं ती घेतली आणि १९७२मध्ये सॅडोंना पेटंट मिळालं.

ती बॅग मात्र कुत्र्याच्या पिल्लासारखी पट्ट्यानं ओढायची आणि वळणावर कलंडायची. ती उभी केली एका वैमानिकानं. नॉर्थवेस्ट एअरलाइन्सचे रॉबर्ट प्लाथ यांनी १९८७मध्ये दोन चाकं आणि आत-बाहेर सरकणारा दांडा असलेली उभी बॅग बनवली. सुरुवातीला ती विमानातल्या कर्मचाऱ्यांपुरतीच होती. गणवेशातल्या हवाई सुंदरी ती ऐटीत ओढत नेताना प्रवाशांनी पाहिली आणि मग सगळ्यांनाच ती हवीशी झाली.

आपल्या मातीशीही या धंद्याचं नातं आहे. नाशिक जिल्ह्यात व्हीआयपी आणि सॅमसोनाइट या दोन्ही कंपन्यांचे कारखाने आहेत. द्राक्षं आणि कांद्याच्या बरोबरीनं नाशिकहून सुटकेसही जगात जातात, हे मला फार आवडतं.

जाता जाता एक व्यवहारातलं: जड वस्तू चाकांच्या बाजूला ठेवाव्यात, हलक्या मुठीच्या बाजूला. बॅग उभी केली की नीट उभी राहते.

सुरळीची वडी, अळूवडी आणि पैठणी

कपडे गुंडाळावेत की घडी घालून ठेवावेत, यावर जगभर वाद चालतात. आपल्या भाषेत त्याचं उत्तर केव्हाचंच पडून आहे. तो शब्द म्हणजे वळकटी. पूर्वी माणूस गावाला निघाला की काखेत वळकटी असायची. पंढरीच्या वाटेवर पावसात वीसेक दिवस चालणाऱ्या वारकऱ्याचं सामान पाहा. अंथरूण-पांघरूण गुंडाळलेलं, कपड्याचे मोजके जोड आणि खांद्याला पडशी. गुंडाळण्याची विद्या आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही.

ती चालते का, तर सुरकुती पडायला तीक्ष्ण घडी लागते. सुती धाग्यातले सेल्युलोजचे रेणू एकमेकांना हलक्या बंधांनी धरून असतात. दमटपणा आणि दाब मिळाला की ते बंध सुटतात आणि कापड ज्या आकारात दबलेलं असेल त्याच आकारात नव्यानं जुळतात. इस्त्रीही हेच करते, फक्त आपल्याला हव्या त्या आकारात. गुंडाळलेल्या कपड्याला कुठेच टोकदार मोड नसतो, म्हणून ठसठशीत सुरकुती पडत नाही.

माझ्या दोन पद्धती आहेत. टी-शर्ट, लेगिंग, रात्रीचे कपडे अशा अंगासरशी ताणणाऱ्या कपड्यांची एकेकटी गुंडाळी, म्हणजे सुरळीची वडी. इस्त्रीच्या कुर्त्यांची मात्र अळूवडी करायची. एक कुर्ता पसरायचा, त्यावर दुसरा उलट्या दिशेनं, बाह्या आत, आणि पानावर पान लावावं तसे थर लावून मग सगळ्यांची मिळून एकच जाड वडी वळायची. वडी जितकी जाड तितकं वळण मोठं, आणि वळण मोठं तितक्या सुरकुत्या कमी. आतल्या पोकळीत चार्जरची वायर जाते. बुटांच्या पोकळीत मोजे जातात, आणि चपलांना जुनी शॉवर कॅप घातली की तळव्याची धूळ साडीला लागत नाही.

पैठणीला यातलं काहीच करायचं नाही. जरीचा धागा म्हणजे गाभ्याभोवती गुंडाळलेली धातूची नाजूक पट्टी. एकाच जागी पुन्हापुन्हा मोड पडला की ती तिथेच तुटते आणि पदरावरचा मोर रेघ ओढल्यासारखा दुभंगतो. म्हणून पैठणीची घडी दरवेळी वेगळ्या जागी घालावी, मोडाच्या आत मऊ कापडाची गुंडाळी सरकवावी आणि अख्खी साडी मलमलीत किंवा जुन्या सुती कापडात बांधावी. बॅगेत ती सगळ्यांत वर, सपाट. पोचल्यावर कुर्ता चुरगळलेला दिसला तर गरम पाण्याची वाफ भरलेल्या न्हाणीघरात पंधरा मिनिटं टांगावा, बराचसा सरळ होतो. पैठणीला वाफ दाखवू नये, दमटपणानं जर काळवंडते.

पंचा जिंदाबाद

आता माझे ते ६८० ग्रॅम.

पहिला गेला टॉवेल. त्याच्या जागी आला पंचा. काट्यावर ११० ग्रॅम! एका झटक्यात ४१० ग्रॅम वाचले. तुर्की टॉवेलच्या अंगावर जे धाग्यांचे फुगीर फास असतात, ते पाणी धरून ठेवण्यासाठीच विणलेले असतात. अंग छान पुसलं जातं, पण टॉवेल दुसऱ्या दिवशीही ओलाच राहतो आणि बॅगेत घातला तर सगळ्या कपड्यांना वास लावतो. पंचा पातळ, सपाट विणीचा. पिळून खिडकीत टाकला की नाश्ता होईपर्यंत सुकतो. जाताना तो कोरडा असतो, म्हणून मी पैठणी त्यातच बांधली. एका वस्तूला दोन कामं लावली की वजन आपोआप उतरतं.

आपले आजोबा पंचा खांद्यावर टाकून गावोगाव फिरत. ऊन लागलं की डोक्याला, बसायचं झालं की खाली, बाजारात काही मिळालं तर त्याचंच गाठोडं. आज परदेशी दुकानांत प्रवासासाठीचे खास पातळ, झटपट सुकणारे टॉवेल महागात विकले जातात. मी तरी पंचाच नेणार.

कळसूबाईच्या वर

उरले २७० ग्रॅम. नजर साबण-शाम्पूच्या पिशवीवर गेली.

तिथे जाण्याआधी एक प्रयोग सांगते. विमानात वेफर्सचं पाकीट नेलंत तर ते वर गेल्यावर टम्म फुगतं. विमान पस्तीसेक हजार फुटांवर असतं, पण केबिनमधला हवेचा दाब असतो सहा ते आठ हजार फुटांवरच्या डोंगरासारखा, म्हणजे साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीचा. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे मुंबईहून बेंगळुरूला जाताना आपण खुर्चीत बसल्या-बसल्या महाराष्ट्रातल्या सर्वोच्च शिखराहून उंच जागेची हवा घेत असतो! त्या दाबाला बंद डब्यातली हवा एक तृतीयांशापर्यंत फुगू पाहते. पाकीट फुगतं. आणि अर्धी भरलेली शाम्पूची बाटली? तिच्यातली हवाही फुगते, शाम्पूला ढकलते आणि झाकणाच्या फटीतून तो कुर्त्यावर येतो. खाली सामानाच्या कप्प्यातही दाब तेवढाच असतो, त्यामुळे चेक-इन केलेल्या बॅगेतही हेच घडतं.

उपाय सोपा. मऊ बाटली हातानं दाबायची, हवा बाहेर गेली की तशीच दाबून झाकण लावायचं. झाकणाखाली प्लास्टिकच्या पिशवीचा एक तुकडा. किंवा सगळ्यांत उत्तम म्हणजे साबणाची वडी, जी सांडतही नाही आणि द्रवाच्या नियमातही येत नाही.

त्या १०० मिलिलिटरच्या नियमाचं मूळ ऑगस्ट २००६मध्ये. लंडनहून अमेरिकेला जाणारी विमानं पेयांच्या बाटल्यांतल्या द्रव स्फोटकांनी उडवण्याचा कट ब्रिटिश पोलिसांनी उघडा पाडला आणि जगभरच्या विमानतळांवर बाटल्यांची तपासणी सुरू झाली. आंतरराष्ट्रीय प्रवासात हातातल्या बॅगेत प्रत्येक बाटली १०० मिलिलिटरची आणि सगळ्या मिळून एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत. यात मेख अशी की मोजतात ती बाटलीची क्षमता. २०० मिलिलिटरच्या बाटलीत तळाला दोन चमचे तेल उरलेलं असलं तरी ती बाटली काढून घेतली जाते. जे ओतता येतं, पसरता येतं, चमच्यानं घ्यावं लागतं ते सगळं द्रव. तूप द्रव. श्रीखंड द्रव. आमरस तर द्रवच. नव्या स्कॅनरमुळे हा नियम हळूहळू सैल होतोय, एडिनबरा आणि बर्मिंगहॅम विमानतळांनी २०२५मध्ये दोन लिटरपर्यंत मोकळीक दिली. पण परतीच्या विमानतळावर तो नियम तसाच असू शकतो, हे विसरून चालत नाही.

आमरसावरून आठवलं. जून २०२५मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेलेले शुभांशू शुक्ला यांनी सोबत गाजर हलवा, मूगडाळ हलवा आणि आमरस नेला होता. जगातल्या सगळ्यांत काटेकोर वजनाच्या प्रवासात आमरसाला जागा मिळाली! ही बातमी ऐकून मला झालेला आनंद अजून ओसरलेला नाही.

तर पिशवी. शाम्पूची मोठी बाटली काढून तीन धुण्यांपुरता शाम्पू औषधाच्या रिकाम्या बाटलीत घेतला. क्रीम कॉन्टॅक्ट लेन्सच्या डबीत. द्रव साबणाऐवजी वडीचा अर्धा तुकडा. ६२०चे झाले ३४०. आता एकूण सामान ४,३९० ग्रॅम, बॅगेसकट सहा किलो ९९०. दहा ग्रॅम शिल्लक!

एका बरणीनं छळलेली नेली ब्लाय

क्रीमच्या बरणीनं एका थोर प्रवासिनीलाही असंच छळलं होतं. १४ नोव्हेंबर १८८९ रोजी नेली ब्लाय ही पंचविशीतली अमेरिकन वार्ताहर न्यू यॉर्कजवळून जगाच्या प्रदक्षिणेला निघाली. ज्यूल व्हर्नच्या कादंबरीतल्या ८० दिवसांचा विक्रम तिला मोडायचा होता. त्या काळी बाईनं प्रवासाला निघायचं म्हणजे डझनभर पेट्या हव्यात, असं तिला आधी ऐकवण्यात आलं होतं. तिनं नेली एकच हातपिशवी, सुमारे १६ इंच लांब आणि ७ इंच उंच. अंगावर एक मजबूत पोशाख आणि कोट.

त्या पिशवीत काय नव्हतं! दोन टोप्या, चेहऱ्यावरून घ्यायच्या तीन जाळ्या, सपाता, दौत, टाक, पेन्सिली, लिहायचे कागद, सुई-दोरा, टाचण्या, घरात घालायचा झगा, एक ब्लेझर, पाण्याचा पेला, आतले कपडे, रुमाल. आणि कोल्ड क्रीमची एक बरणी. ही बरणी म्हणजे सगळ्या प्रवासातला सर्वांत मोठा ताप, असं तिनं स्वतःच लिहून ठेवलंय. बाकी सगळ्याहून तीच जास्त जागा अडवायची आणि पिशवी बंद करायच्या वेळी नेमकी आडवी यायची. तरी तिनं ती टाकली नाही. समुद्रावरचा वारा आणि कोरडे पडलेले गाल यांचा विचार केला की मला तिचं पूर्णपणे पटतं.

आगबोटींनी आणि रेल्वेनं, वाटेत आपल्या शेजारच्या कोलंबोलाही थांबून, ती ७२ दिवसांत परत आली. एका पिशवीत जग! माझ्या लेखी हातातल्या बॅगेच्या इतिहासात याहून मोठा पराक्रम झालेला नाही.

आपल्याकडचा एक आकडाही तितकाच लोभस आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला एकट्यानं छोटं पुस मॉथ विमान घेऊन उतरले. टाटांच्या टपाल-विमानसेवेचं ते पहिलं उड्डाण. विमानात टपाल होतं सुमारे २५ किलो. आजच्या साडेतीन केबिन बॅगांत ते सगळं मावलं असतं.

खोबरं, खसखस आणि नारिंगी लाडू

सामान तपासणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर वस्तू रंगीत दिसतात. धातू निळे, अन्न-कागद-कापड-प्लास्टिकसारखे सेंद्रिय पदार्थ नारिंगी, या दोन्हींच्या मधले हिरवे. स्फोटकंही बहुधा सेंद्रियच, म्हणून तीही नारिंगी. आता बेसनाच्या लाडवांचा घट्ट भरलेला डबा यंत्रातून गेला की पडद्यावर दाट नारिंगी ठोकळा उमटतो, आणि तपासणाऱ्याला डबा उघडून पाहावाच लागतो. त्याच्यावर रागावू नये. लाडू दोन पातळ डब्यांत एका थरात ठेवावेत आणि डबे बॅगेच्या वरच्या बाजूला असावेत, म्हणजे काढून दाखवायला सोपं. लॅपटॉप बाहेर काढायला सांगतात त्याचंही कारण हेच. त्याची बॅटरी आणि आतली दाट जुळणी मागच्या सगळ्या वस्तू झाकून टाकते.

खोबऱ्याच्या वाटीचं प्रकरण मात्र बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. सुक्या खोबऱ्यात साठ टक्क्यांहून जास्त तेल असतं आणि ढीग करून ठेवलं तर ते आतल्या आत तापून पेटू शकतं. म्हणून धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय यादीत त्याला स्वतःचा क्रमांक आहे, १३६३, आणि वर्ग आपोआप तापणाऱ्या पदार्थांचा. देवासमोर ठेवतो ती वाटी, चिवड्यात घालतो ते काप! नारळालाही केबिनमध्ये सहसा मज्जाव असतो. ऑक्टोबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात शबरीमलेच्या यात्रेकरूंना पूजेच्या गाठोड्यातला नारळ केबिनमध्ये नेता यावा, म्हणून खास सूट द्यावी लागली होती.

खसखस तर त्याहून गंभीर. ती अफूच्या बोंडातून येते, म्हणून संयुक्त अरब अमिरातीत आणि सिंगापूरमध्ये तिला बंदी आहे. दिवाळीला दुबईच्या लेकीकडे निघालेल्या आईनं फराळाच्या डब्यात अनारसे ठेवले तर त्यांच्या पाठीला काय लागलेलं असतं? खसखस. हे मी ओळखीच्या प्रत्येकीला कळकळीनं सांगते, कारण तिथे हा गुन्हा ठरतो. ऑस्ट्रेलियाला जाताना खाण्याची प्रत्येक वस्तू अर्जात लिहायची, अगदी मेतकूटसुद्धा, आणि दुधाची मिठाई घरीच ठेवायची.

पॉवर बँक नेहमी हातातल्याच बॅगेत, चेक-इनच्या कधीच नाही. लिथियमची बॅटरी पेटली तर केबिनमध्ये कुणाच्या तरी लक्षात येतं आणि विझवता येते. मर्यादा असते १०० वॅट-तासांची. आपल्या पॉवर बँकेवर आकडा वेगळाच असतो, म्हणून हिशेब सांगते: २०,००० मिलिअँपिअर-तास भागिले १,००० गुणिले ३.७ व्होल्ट, उत्तर ७४. चालेल. जानेवारी २०२५मध्ये दक्षिण कोरियातल्या गिमहे विमानतळावर उभ्या विमानाला आग लागली, तपासात संशयाची सुई पॉवर बँकेकडे गेली आणि त्या देशानं ती डोक्यावरच्या कप्प्यात ठेवायला बंदी केली. मी ती नेहमी समोरच्या खुर्चीच्या खिशात ठेवते, डोळ्यांसमोर.

येताना

बेंगळुरूचं लग्न सुरेख झालं. पंचा रोज सुकला, पैठणीचा मोर जसाच्या तसा राहिला आणि अळूवडीतला कुर्ता इस्त्रीवाचून चालला. निघायच्या आदल्या रात्री ताईनं ओटी भरली. खण, तांदूळ, हळकुंड, सुपारी आणि चांगला पाणीदार नारळ.

"हा नेणार कसा गं तू?" तिनंच विचारलं.

मी तिला खोबऱ्याची सगळी कथा ऐकवली. तिनं शांतपणे ऐकून घेतली, नारळ माझ्या ओटीतून उचलला आणि पहाटे उठून खवला. सात वाजेपर्यंत ताटात वड्या थापल्या होत्या, वर केशराची काडी. खण पैठणीच्या घडीत गेला. तांदूळ तिच्याच डब्यात परत गेले, हळकुंड आणि सुपारी पर्समध्ये. वड्यांचा डबा ताईच्या काट्यावर ठेवला: ३६० ग्रॅम.

माझ्याकडे शिल्लक होते दहा. मी बॅगेतल्या ४४० ग्रॅमच्या लग्नातल्या चपला काढून पायात घातल्या. विमानतळावर घालून आले होते त्या रबरी चपला १७० ग्रॅमच्या निघाल्या, त्या ताईकडेच ठेवल्या. पुढच्या खेपेला तिथे लागतीलच.